पान उलटण्यापूर्वीचे ‘हं’

त्याच्या खोलीत सूर्य थेट कधीच येत नसे. खिडकी पश्चिमेला होती. सकाळचा प्रकाश आधी रस्त्यापलीकडच्या काचेच्या इमारतीवर पडे आणि तिला नको असलेला तेवढाच परतून इकडे येई. उसना प्रकाश, पण उसना म्हणून त्याची ऐट कमी नव्हती. प्रथम छताच्या कोपऱ्यात एक फिकट पट्टा उमटे, पाण्याखाली धरलेल्या हातासारखा किंचित थरथरणारा. मग तो भिंतीवरून खाली उतरू लागे. घाई नाही, आवाज नाही, नुकत्याच दुखण्यातून उठलेल्या माणसाने कठड्याला धरून एकेक पायरी चाचपावी तसा. वाटेत त्याला एक खिळा लागे. आधीच्या भाडेकरूने त्यावर काय टांगले होते कोण जाणे. आता त्यावर काहीच नव्हते, पण त्या एवढ्याशा खिळ्याचीही सावली लांबलचक होई, जणू रिकामेपणालासुद्धा सकाळी सकाळी अंग ताणावेसे वाटत असावे. खिळ्यावरून पट्टा पुस्तकांच्या फळीवर उतरे. तिथे तो जरा रेंगाळे, कोपरे झिजलेल्या पुठ्ठ्यांवरून बोट फिरवावे तसा फिरे. मग खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकलेला टॉवेल, मग मोरीच्या कडेला उपडा ठेवलेला एकुलता एक कप. समोरच्या इमारतीत कुणी खिडकी उघडली की सारा पट्टा दचकून हातभर बाजूला सरके आणि खिडकी मिटली की ओशाळल्यासारखा जागेवर येई. ती खिडकी उघडणारे माणूस त्याने कधी पाहिले नव्हते. आपण उघडतो ती खिडकी कुणाच्या तरी खोलीतली सकाळ हलवते, हे त्या माणसाला कळायला काही मार्ग नव्हता.

पट्टा अंथरुणाशी पोचला की तो उशाशी ठेवलेला फोन उचले आणि वाचायला लागे.

हे वाचन साधेसुधे नव्हते. ज्या प्रोग्रॅममधून तो वाचत असे तो त्याने स्वतःच्या हाताने लिहिला होता, आणि जगात तो वापरणारे दोघेच होते: तो आणि त्याचा दादा. पुस्तक एका सकाळीत मावतील अशा लहान लहान भागांत कापलेले असे. प्रत्येक भागाच्या पायथ्याशी दोन वर्तुळे होती, एक त्याचे, एक दादाचे. भाग वाचून झाला की आपल्या वर्तुळावर बोट टेकवायचे. ते भरून येई. दोन्ही वर्तुळे भरल्याखेरीज पुढचा भाग उघडत नसे. बटणावर ‘पुढे’ असे लिहिलेले नव्हते. तिथे फक्त ‘हं’ एवढेच लिहिले होते.

त्या ‘हं’ची हकीकत जुनी. लहानपणी त्यांच्या घरात वाचनालयाचे कार्ड एकच होते आणि एका कार्डावर एकच पुस्तक मिळे. आईवडील दोघेही कामावर जात. दुपारी शाळेतून आल्यावर दोघे भाऊ पलंगाच्या कडेला चिकटून बसत आणि दोघांच्या मांड्यांवर मिळून एक पुस्तक उघडत. डावे पान दादाच्या गुडघ्यावर, उजवे त्याच्या. पान वाचून झाले की तो म्हणे, “हं.” लगेच दादा म्हणे, “हं.” मग पान उलटायचे. दादाचे ‘हं’ नेहमी त्याच्या पाठोपाठच येई, कधी आधी नाही आणि कधी उशिराही नाही. दादा मोठा, तेव्हा त्याचे पान केव्हाच वाचून झालेले असणार आणि धाकट्याला ओशाळे वाटू नये म्हणून तो थांबत असणार, असे त्याने त्या वयात ठरवून टाकले. पुढे अनेक माणसे भेटली, शिकवणारे भेटले, नावाजलेले वाचकही भेटले. पण इतक्या सभ्यपणे वाचणारा माणूस त्याला दुसरा दिसला नाही.

आता दादा दुसऱ्या गावी नळ आणि फरश्यांच्या दुकानात विक्रेता होता. हा इथे प्रोग्रॅमर. फोनवर बोलणे त्याला जमत नसे. नमस्कार-चमत्कार झाले की त्याच्याजवळचे शब्द संपत आणि मग दोन्ही बाजूंनी नुसते श्वास ऐकू येत. म्हणून त्याने हा प्रोग्रॅम लिहिला. रोज सकाळी फोन उघडला की दादाचे वर्तुळ भरलेले असे. दुकान बंद करून घरी आल्यावर, जेवणखाण उरकून, दादा रात्री केव्हातरी वाचत असणार. त्या भरलेल्या वर्तुळाकडे बघून तो मनाशी म्हणे, चला, दादाचे बरे चालले आहे. आणि दिवसाला सुरुवात करी. फोन करायची गरज त्याला त्यानंतर फारशी भासली नव्हती.

त्या महिन्यात ऑफिसात एक फर्मान निघाले. कोपऱ्यातल्या खोलीत एक जुना सर्व्हर होता. कर्मचाऱ्यांनी आपापले किरकोळ उद्योग त्यावर चालवावेत, असा अलिखित रिवाज होता. तो महिनाअखेर बंद होणार होता. ज्याला आपले काही वाचवायचे असेल त्याने ते नव्या यंत्रावर हलवावे. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि बहुतेकांना आपण तिथे काय ठेवले आहे हेही आठवेना. याला मात्र आठवत होते. दुपारच्या सुटीत तो एकटाच टेबलाशी बसून प्रोग्रॅम हलवू लागला.

त्याच्या शेजारी चाचणी करणारी बाई बसे. इतरांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका हुडकणे हा तिचा पेशा, आणि तो तिच्या इतका अंगात मुरला होता की लिफ्टचे दार मिटले तरी ती एकदा ढकलून बघे. ऑफिसात सगळे तिला शंकासुर म्हणत. तीही ‘हजर’ म्हणे.

“काय रे, जेवायचं सोडून काय लपवतोयस?” तिने खुर्ची सरकवत विचारले.

“काही नाही. घरचंच आहे.”

“घरचं म्हणजे बिनचाचणीचं. आण इकडे.”

“अगं, वापरणारे दोघंच आहेत. चाचणी कसली करायची त्यात?”

“एकाने वापरलं तरी मोडतं, दोघांनी वापरलं तर भांडण होऊन मोडतं. मला दुसरा वाचक कर बघू. दोन दिवस खेळते. तेवढाच कंपनीच्या भिकार कामातून विरंगुळा.”

नाही म्हणणे हे बोलण्याहूनही अवघड काम. त्याने नव्या यंत्रावर एक नक्कल केली, दादाच्या जागी तिला बसवले, आणि ऑफिसातल्या पाण्याच्या टाकीवर लावायच्या सूचनेचे तुकडे करून पुस्तक म्हणून तिला दिले. ती हसली.

दुसऱ्या दिवशी ती आली तीच मुळी विजयी मुद्रेने. पर्स टेबलावर आपटून म्हणाली, “सापडला!”

“काय?”

“बग. तुझ्या कोडमधली चूक. मी मुद्दाम काल ‘हं’ दाबलंच नाही. म्हटलं, बघू या, अडतंय का. आणि सकाळी उघडून बघते तर वर्तुळ भरलेलं, पुढचा भाग हजर. मी न बोलता माझ्या नावावर ‘हं’. आमच्या सासूबाईंना दाखवायला हवा हा प्रोग्रॅम, फार आवडेल त्यांना.”

तो हसला नाही. त्याने खुर्ची स्क्रीनकडे वळवली.

“थांब,” तो म्हणाला, “बघतो.”

शोधायला वेळ लागला नाही. दादाने घर बदलले तेव्हाची गोष्ट. खोक्यांच्या राशीत दादाला वाचायला सवड नव्हती, वर्तुळ रिकामे राहत होते आणि पुस्तक ऐन रंगात येऊन अडले होते. तेव्हा त्याने कोडमध्ये एक नियम घातला: दुसऱ्या वाचकाचे ‘हं’ पहाटेपर्यंत आले नाही, तर यंत्रानेच त्याच्या वतीने म्हणावे. वर एक टीपही लिहून ठेवली होती, आपल्याच शब्दांत: ‘तात्पुरते. दादा स्थिरस्थावर झाला की काढून टाकणे.’

शंकासुराने खांद्यावरून वाकून वाचले. “तात्पुरतं! आपल्या धंद्यात तात्पुरतं म्हणजे चिरंजीव. किती जुनं आहे हे?”

“आहे थोडं जुनं.”

“म्हणजे तेव्हापासून तुझा दादा खरंच दाबतोय की यंत्रच दाबतंय, हे तुला ठाऊकच नाही?”

“दादा वाचतो,” तो म्हणाला. “त्याला आवडतं.”

“अरे, मग बघ ना! कुठल्या ‘हं’ला बोट लागलं आणि कुठलं यंत्राने टाकलं, त्याची नोंद असेलच. एका मिनिटाचं काम.”

“नको.”

“का?”

तिने त्याच्याकडे एकदा नीट पाहिले. जी बाई मिटलेले दारही ढकलून बघे, तिने हे दार मात्र ढकलले नाही. “चहा आणते,” म्हणून ती उठून गेली.

ती नोंद त्याने उघडली नाही. भावाच्या पाठीमागे त्याची झडती घ्यावी तसे ते वाटले असते, असे त्याने स्वतःला सांगितले. त्याऐवजी त्याने तो नियमच काढून टाकला आणि प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चालू केला. आता दादाचे वर्तुळ भरले तर दादाच्याच बोटाने भरणार होते. विषय सरळ होता. दादा वाचत असला तर उद्या सकाळी ‘हं’ असेल. आणि दादा वाचतोच.

दुसऱ्या दिवशी त्याने फोन उघडला. त्याचे वर्तुळ भरलेले होते, शेजारचे रिकामे.

दुकानात गर्दी असेल, तो मनाशी म्हणाला. लोक घरे बांधतात तेव्हा नळांना काय तोटा. त्याच्या पुढच्या दिवशीही वर्तुळ रिकामेच. त्याने कोड पुन्हा तपासला. वेगळ्या फोनवरून दादाच्या जागी स्वतःच बोट टेकवून पाहिले. वर्तुळ आज्ञाधारकपणे भरले. घाईघाईने त्याने ते पुन्हा रिकामे केले, दुसऱ्याच्या नावाने सही करताना पकडले जावे तसे. मशिनात दोष नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या प्रोग्रॅममध्ये बग निघावा म्हणून तो मनापासून आस लावून बसला होता, आणि त्याचा प्रोग्रॅम नेमका आताच निर्दोष चालत होता.

त्याला कळून चुकले की एकट्याने पुढे वाचणे आता आपल्याला येत नाही. फळीवर कागदी पुस्तके होती. एक उघडले, पानाच्या शेवटी पोचला, आणि थांबला. कशासाठी थांबलो, हे त्याच्या ध्यानात यायला एक क्षण लागला. शब्द कळत होते, वाक्ये कळत होती. पण पान उलटायला कुणाची तरी परवानगी हवी होती आणि खोलीत मागावी असे कुणी नव्हते. आजवर त्याला वाटत आले होते की आपण पुस्तकांतला माणूस, आपल्याला माणसांची वानवा भासत नाही. आता पुस्तकच त्याला विचारत होते, अरे, तुझ्याबरोबर असायचा तो कुठे आहे?

शंकासुराने त्या आठवड्यात एकदाच विषय काढला. “आलं का रे ‘हं’?”

“नाही अजून.”

“मग फोन कर की. फोन म्हणजे काही सर्व्हर नाही, कोसळत नाही लगेच.”

संध्याकाळी ऑफिसातून परतताना रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर तो बसला. घरी गेलो तर आपण फोन करणार नाही, हे त्याला स्वतःबद्दल पक्के ठाऊक होते. माणसे समोरून पिशव्या घेऊन जात होती. त्याने नंबर लावला.

“अगंबाई, भाऊजी!” वहिनीचा आवाज आला. “आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा? जिवंत आहात ना? की तुमच्या वतीने मशीनच बोलतंय?”

तो चरकला. पण तिने ते सहज म्हटले होते, तिची ती रीतच होती. “मीच आहे, वहिनी.”

“असाल तर बोला काहीतरी. आवाज ऐकून वर्ष व्हायला आलं असेल. थांबा, देते यांना. अहो! ऐकलंत का? बारक्याचा फोन! टीव्ही बंद करा आधी!”

काहीतरी आपटल्याचा आवाज झाला आणि दादा फोनवर आला. “बोल बारक्या! काय रे, बरा आहेस ना? तब्येत? पैसेबिसे लागतायत का?”

“नाही, दादा. सहज केला.”

“तू आणि सहज? तू तर पाणी प्यायचं तरी दोनदा विचार करून पितोस.”

तो हसला. मग नेहमीसारखे शब्द संपण्याआधीच त्याने विचारून टाकले. “दादा, पुस्तक कसं वाटतंय?”

पलीकडे अगदी किंचित शांतता पडली. तेवढीच, जेवढी एखाद्या दुकानदाराला मालाची किंमत आठवायला लागते.

“मस्त चाललंय की! वाचतोय ना रोज. रोज नाही अगदी, या आठवड्यात जरा ओढाताण झाली. पण भारी आहे हं. तो म्हातारा तर एकदम जबरदस्त.”

“म्हातारा?”

“तोच रे. तो नाही का, सारखा बडबड करत असतो. हसून हसून पुरेवाट.”

ती कादंबरी दोन बहिणींची होती. एका बेटावर हवामानाच्या नोंदी घेत त्या दोघी राहत आणि साऱ्या कादंबरीत अजून एकाही पुरुषाचे पाऊल त्या बेटावर पडले नव्हते. फार तर एक बोकड होता. पण तो म्हातारा नव्हता आणि हसण्यासारखे त्याने काही केले नव्हते.

मागून वहिनी म्हणत होती, “कुठलं पुस्तक हो? परवा शेगडीबरोबर आलेलं चिटोरं वाचून सांगा म्हटलं तर माझ्याच हातात दिलंत, म्हणे तू वाच, माझं डोकं धरतं…”

“तू गप बस गं जरा,” दादा फोनवर हात ठेवून म्हणाला. हात नीट ठेवला गेला नव्हता. मग पुन्हा मोठ्या आवाजात, “हां, बोल. काय म्हणत होतास?”

एका वाक्यात सगळे मोकळे करता आले असते. दादा, त्या पुस्तकात म्हातारा नाही. वाक्य तयार होते, ओठापर्यंत आलेही होते. समोरून एक बाई मुलाला कडेवर घेऊन चालली होती आणि ते मूल तिच्या खांद्यावरून मागे, याच्याकडे, टक लावून बघत होते.

“हो,” तो म्हणाला. “भारी आहे तो म्हातारा.”

दादाने सोडलेला श्वास इतक्या दुरूनही ऐकू आला. मग दादाची कळी खुलली. दुकानात एक गिऱ्हाईक आले होते. दोन उन्हाळे मनसोक्त वापरलेला शॉवर परत घ्या म्हणत होते. “का? तर म्हणे, याच्यातून पाणी ओलं येतंय. अरे, आता कोरडं पाणी कुठून आणू मी? मी म्हटलं, काका, बसा, आपण कंपनीला पत्र लिहू!” दादा रंगात येऊन सांगत होता, मधेच गिऱ्हाइकाचा आवाज काढत होता, वहिनी मागून दुरुस्त्या सुचवत होती. याने विचारले, “मग काय म्हणाला तो?” आणि दादा आणखी फुलला. इतक्या उत्साहाने दादा एखाद्या पुस्तकाबद्दल कधी बोलला होता, हे तो आठवून पाहू लागला. काही केल्या आठवेना.

“तिथं कुणाशी बोलतोस की नाही?” शेवटी दादाने विचारले. “का सगळा वेळ ते डबडं आणि तू?”

“शेजारी एक बाई बसते. बोलते ती.”

“ती बोलते. आणि तू?”

“मी ऐकतो.”

“म्हणजे तसाच आहेस.” दादा हसला. मग आवाज उतरला. “हे संपलं की पुढचं लाव रे. कुठलंही चालेल. मी आहे तुझ्याबरोबर.”

फोन बंद झाल्यावर तो पायरीवरून उठला नाही. रस्त्यावरची रहदारी आता विरळ झाली होती. त्याला पलंगाच्या कडेवरच्या दुपारी आठवत राहिल्या, आणि त्यांतली एक, जिच्याकडे तो इतकी वर्षे पाठ करून बसला होता. एकदा पानाच्या मध्येच त्याने डोळे वर उचलले होते. बाहेर अंगणात दादाचे मित्र चेंडू आपटत होते आणि दादाच्या नावाने हाका मारत होते. दादा खिडकीकडे बघत नव्हता, पुस्तकाकडेही बघत नव्हता. तो धाकट्याच्या चेहऱ्याकडे बघत होता, डोळ्यांची बुबुळे ओळीवरून कुठवर सरकली आहेत ते मोजत, त्याचे ‘हं’ येण्याची वाट पाहत. नजरानजर झाली. दादा गडबडीने पानाकडे वळला, आणि यानेही मान खाली घातली आणि पान वाचून संपवले.

दादाने त्यांतले एकही पुस्तक वाचले नव्हते.